ओलाफ थांबून राहिला

ही गोष्ट मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी माझ्या रेडिओच्या लॉगबुकात, म्हणजे नोंदवहीत आहे — आणि तिथे ती खोटी लिहिलेली आहे.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. भुतं-बितं कधी मानली नाहीत, आजही मानत नाही. पण जे ऐकलं ते ऐकलं.

आठ वर्षांपूर्वी नागपुरात, प्रताप नगरच्या आमच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत, माझा हॅम रेडिओचा सेट होता — परवाना घेऊन हौसेखातर जगभरच्या लोकांशी बोलायचा. दर रविवारी दुपारी चारला त्यावर नॉर्वेचा ओलाफ भेटायचा. सत्तरीचा, एका बेटावर एकटा राहणारा. चेहरा कधी पाहिला नाही. सुरुवात हवामानाने — त्याच्याकडे जानेवारीत उणे बारा, तर माझ्याकडे मे महिन्यात शेहेचाळीस! मग भाषा. तो मला बर्फाचे वेगवेगळे शब्द सांगायचा. त्याला मराठी, तीही आमची नागपुरी, मात्र माझी बायको कुसुम शिकवायची. चहा घेऊन वर आली की माइक ओढूनच घ्यायची.

"काय करून राहिले गा?" ओलाफ अडखळत म्हणायचा.

"पाहा! तुमच्या कॉलेजातल्या पोरांहून माझा विद्यार्थी हुशार हाये," हा टोमणा मला.

डिसेंबरातल्या एका रविवारी त्याला धाप लागत होती. म्हणाला, "छातीत जड वाटतंय. आज जरा जास्त वेळ बोल." तेवढ्यात शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पॅसिफिकमधल्या एका बेटावरचं स्टेशन ऐकू आलं... सहा वर्षं मी ते शोधत होतो. असल्या स्टेशनसाठी आम्ही हॅम लोक भरल्या ताटावरून उठतो. मी ओलाफला म्हणालो, "स्टँडबाय. पाच मिनिटांत आलो." आमच्यात स्टँडबाय म्हटलं की समोरचा थांबतो. आपण परत येऊन निरोप घेतल्याशिवाय जात नाही.

चाळीस मिनिटांनी परतलो. बेट मिळालं होतं. ओलाफच्या जागी नुसती खरखर. लॉगबुकात मी लिहून टाकलं — ४.२०, निरोप घेऊन संपलं. निरोप झालाच नव्हता.

पुढचे रविवार तो आला नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी अँटेनाची तार मी उतरवून ठेवली होती, अडकलेले पतंग आणि मांजा सोडवायला. तार गच्चीवर गुंडाळलेली, सेटमागची ती जोडायची जागा रिकामी. तरी सवयीने चारला सेट लावला. तारेशिवाय नॉर्वे ऐकू येणं शक्यच नाही, हे मी कुठल्याही वर्गात फळ्यावर सिद्ध करून देईन.

आवाज आला. स्वच्छ, बाजूच्या खुर्चीतून यावा तसा.

"थांबून राहिलो गा."

कुसुम कप घेऊन दारातच होती. "आला वाटते म्हातारा! विचारा नं त्याले, थंडी किती हाये?"

मी माइक दाबून विचारलं.

"आज इथे हवामानच नाही," तो इंग्रजीत शांतपणे म्हणाला. मग — "स्टँडबाय." आणि पुढे काही नाही.

कुसुम हसत खाली गेली. तिला तार दिसली नव्हती. मीही दाखवली नाही.

फेब्रुवारीत त्याच्या मुलीचं, इंग्रिडचं पत्र आलं. डिसेंबरातल्या त्याच रविवारी शेजाऱ्यांना तिचे वडील सेटसमोर खुर्चीत सापडले. कानांवर हेडफोन, सेट चालू. डॉक्टरांच्या मते ते गेल्याची वेळ तिथल्या दुपारी बाराची — म्हणजे आपले साडेचार. मी तेव्हा पॅसिफिकच्या त्या बेटाशी बोलत होतो. ओलाफच्या लॉगबुकात शेवटचं नाव माझं, आणि संपल्याची वेळ कोरी.

आम्ही हॅम लोक गप्पा झाल्या की एकमेकांना कार्ड पाठवतो, तारीख-वेळेसकट. इंग्रिडने लिहिलं होतं, "तुमचं कार्ड पाठवाल का? बाबांचा निरोप कुणीतरी घेतला होता, एवढंच मला कळायला हवं आहे."

तो आवाज कुठून आला, याचा शोध मी घेऊन पाहिला. नागपुरातल्या ओळखीच्या दोन्ही हॅमना विचारलं, सेट पार उघडून तपासला. उत्तर नाही. ते न मिळाल्याचं मला आता फारसं वाटतही नाही.

इंग्रिडला माझ्याकडून एक कार्ड जायचं आहे, खरं काय ते लिहून. आठ वर्षं झाली... ते मी अजून पाठवलेलं नाही.