पाचव्या पडद्यामागचे आजोबा

मंडळी, मी पंधरा वर्षं औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासल्या. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच... म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून मी फिजिशियन असोसिएटच्या पोस्टग्रॅज्युएट कोर्सला प्रवेश घेतला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासायचं काम. वर्गातली मुलं मला नावाने हाक मारतात, आणि जिन्यात माझी बॅगही धरतात.

पहिल्या प्रॅक्टिकलला नापास झाले. पेशंटला शेवटी विचारायचं असतं, "तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?" – तेच मी दर वेळी विसरायचे. ही दुसरी आणि शेवटची संधी. हुकली तर कोर्समधून बाहेर.

परीक्षा डब्लिनला, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, दुपारी दोनला. पडदे लावलेले आठ कप्पे, प्रत्येकात पेशंटचं सोंग घेतलेला माणूस. आठ मिनिटांनी बेल वाजली की पुढचा कप्पा. ल्यूकनच्या घरून निघतानाच माझे डोळे मिटत होते. पहिल्या चारांत दोनदा तो प्रश्न राहिलाच.

पाचव्यात तपकिरी स्वेटरमधले आजोबा होते, सारखे खोकत होते. त्रास, औषधं, सगळं विचारून लिहून घेतलं नि उठले.

"एक विचारायचं राहिलं तुझं," ते म्हणाले.

मी विचारलं.

"कुत्र्याची. मी परत येणार नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही."

बेल वाजली.

पुढच्या तिन्ही कप्प्यांत मी विसरले नाही. काठावर पास झाले.

निघताना बेल वाजवणाऱ्या बाईंना म्हटलं, पाचव्यातले आजोबा काय सुंदर काम करतात. त्या म्हणाल्या, पाचवं तर रेस्ट स्टेशन. तिथे नुसती खुर्ची आणि पाण्याचा जग, दमलेल्यांनी बसायला. मग म्हणाल्या, "खोकला मात्र ऐकला मी. म्हटलं, तूच खोकतेयस."

मी खोकले नव्हते.

नवरा म्हणतो, झोप लागली असेल तुला. शक्य आहे, मी सिग्नललाही झोपते. लेकीचं मत, "आई, यू आर ग्रँड, जस्ट एग्झॉस्टेड." म्हणजे ठीक आहेस, नुसती दमलीयस. पण परीक्षेतला कच्चा कागद चुकून माझ्या खिशात राहिला होता. त्यावर माझ्याच अक्षरात आजोबांची औषधं आहेत, डोससकट. त्यातली एक गोळी आमच्या कारखान्याने कित्येक वर्षांपूर्वीच बंद केली...

मला याचा अर्थ अजून लागलेला नाही. आता वॉर्डात तो प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते. फक्त त्या कुत्र्याचं नाव तेवढं विचारायचं राहून गेलं.