वाचन कच्चं

शाळातपासणी झाली की हेडमास्तर गावाला निंबाखाली बोलावत आणि साहेबांचा शेरा तोंडपाठ सांगत. डोळे मिटलेले, आवाज तापीच्या पल्याडून आल्यासारखा. ऐकता ऐकता आम्हा पालकांना गुंगी यायची. त्या वर्षी ते म्हणाले, "चौथीचं वाचन कच्चं आहे."

केळीवाले आबा खूश झाले. केळीचे घड कच्चेच तर परगावी जातात! "कच्चं शे? मंग पिकी जाई." सगळ्यांनी माना डोलावल्या.

सभा तिथंच संपली असती. पण मास्तरांनी डोळे उघडले आणि प्रथमच आमच्या बोलीत म्हणाले, "आबा, केयी पिकस. पोऱ्या आपोआप नही पिकत. चूक मनी शे, या मास्तरनी."

मग आबा हळूच म्हणाले, "मंग पोऱ्यास्नी आढी घाला, गुरुजी. पाला आम्ही आणी दिसूत."