चरे पाडलेली सीडी

स्पिरिटचा वास आला की अनसिंगमधलं मित्राचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आठवतं. वडील गेल्यावर त्यांच्या आवाजाची एकमेव, न अडखळता वाजणारी सीडी मी कॉपी काढायला त्याच्याकडे दिली. आठवड्यानं गेलो, तेव्हा तो स्पिरिटनं लेन्स पुसून गिऱ्हाइकाला जुना सीडी ड्राइव्ह दाखवत होता. ब्लेडनं चरे पाडलेली एक सीडी त्यानं आत सरकवली. “हे सीडी वाचली तं ड्राइव्ह पक्का समजा, काका.” स्पीकरमधून वडील बोलले, “जेव... जेव... जेवला काय रे?” गिऱ्हाईक खूश झालं. “ही माझी सीडी आहे,” मी म्हणालो. “कायले चिडून राह्यला बे? तुह्या सीडीची कॉपी पहिलेच काढली ना मी!” ती कॉपी आजही माझ्याकडे आहे. वडील तिच्यातही त्याच शब्दावर अडखळतात.