काकूंनी दिलेलं पिवळं पान

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही. आज राहवलं नाही.

जूनमध्ये आई गेली. त्यानंतर आज पहिल्यांदाच आपल्या हायडेलबर्गच्या ग्रुपबरोबर डोंगरावर गेलो. बीचच्या झाडांचं सगळं जंगल पिवळं, तांबूस झालं होतं. इतकं सुंदर की चढताना आपली मंडळी दर वळणावर फोटो काढायला थांबत होती.

इथे जर्मनीत आपटा मिळत नाही, म्हणून दसऱ्यानंतरच्या या ट्रेकला आपण वर पोचल्यावर हीच पिवळी पानं सोनं म्हणून वाटतो. आमच्या घरी यंदा वर्षभर सण नाही. मी लांब एका बाकावर जाऊन बसलो. सगळ्यांना कारण माहीत होतं, त्यामुळे कोणी बोलावलं नाही.

आपल्या ग्रुपमधल्या निखिलच्या आई साताऱ्याहून आल्या आहेत. साडीवर स्पोर्ट्स शूज घालून काकू अख्खा डोंगर चढल्या. त्या पान घेऊन थेट माझ्याकडे आल्या.

"काकू, आम्हाला यंदा सण नाही."

"ठाऊक आहे रे. पण झाडाला कुठलं सुतक? आणि माझे गुडघे इथवर आले ते काय तुला लांबून बघायला? धर."

मी पान घेतलं आणि त्यांना वाकून नमस्कार केला. मग सगळे एकेक करून बाकापाशी आले.

पान आता आईच्या फोटोपुढे आहे. तुमच्या दुःखाच्या वर्षात असं आपणहून कोण जवळ आलं होतं?