आत्याबाईंच्या दातांचं किटण

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरीचा तुकडा आधी आपल्या तोंडात चावून मऊ करायच्या आणि मग बोटानं काढून माझ्या मुलाला भरवायच्या. मुलाला तेव्हा पुढचे थोडेच दात आले होते. रहिमतपूरच्या बाजूला आमचं गाव, तिथं घरोघरी असंच भरवत. पण आत्याबाईंच्या तोंडात दिवसभर मिश्री असायची आणि त्यांच्या खालच्या दातांना आतून किटण चढलेलं होतं. ते नुसतं पिवळं नव्हतं. काळपट, खडबडीत, न घासलेल्या तव्याच्या बुडासारखं. दात वेगवेगळे दिसतच नसत. तोंडातून काढलेल्या घासाला लाळेची तार सुटायची आणि ती मुलाच्या हनुवटीला चिकटायची. मला ते बघवत नसे. मी भांडी घेऊन परसात जायची. सासूला असं काही सांगायची माझी छाती नव्हती.

एक दिवस मुलानं घास थुंकला, तोंड फिरवलं आणि म्हणाला, "शी."

तो शब्द माझाच. शेणात हात घातला की मी त्याला तसं म्हणायची.

शेजारची म्हातारी जोत्यावर बसली होती. ती म्हणाली, "अगं, तुझा नातूच नाक मुरडाय लागला की. आता सुनंला काय बोल लावशील?"

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा घास चावला. मुलानं ओठ मिटले ते मिटलेच. त्यानंतर रोज तेच. आत्याबाई हात पुढं करायच्या आणि हा माझ्या लुगड्यात तोंड खुपसायचा. एकुलता एक नातू, बाप पलटणीत लढाईवर. त्या पोरानं तोंड फिरवलं हे त्यांना फार लागलं. एकदा तर त्या दुपारपर्यंत मिश्रीशिवाय राहिल्या. त्यांच्या मानानं ते उपासाहून जास्त होतं.

आमचे हे आधीच्या रजेत बोलले होते की पलटणीत डॉक्टर शिपायांचे दात लोखंडाच्या आकड्यानं खरवडतो. आत्याबाईंना ते आठवलं. त्यांनी कोनाड्यातली नराणी काढली. नखं काढायची, सासऱ्यांच्या वेळची. आम्ही पायातले काटेही तिनंच काढायचो.

"घे, पोरी. उन्हात बसू. समदं काढून टाक."

"आत्याबाई, ही पायाची हाय."

"धू की मग. पाय काय लोकाचं हायती?"

मी ती राखेनं घासली आणि पाण्यानं धुतली. सोप्याच्या पायरीवर त्या वर तोंड करून बसल्या. मी डाव्या हातानं त्यांचा खालचा ओठ ओढून धरला. आत मिश्रीचा काळा चिखल साचला होता. त्यांचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. सडलेल्या उसाच्या चोयट्यांना येतो तसा वास. मी माझा श्वास धरून ठेवला, पण धरून तरी किती धरणार?

आधी नुसती पूड निघाली. मग नराणीचं टोक एका कडेत शिरलं, कट्‌ झालं आणि एक खपली उडून माझ्या ओठावर बसली. मी ती झटकली, उठून परसात गेले आणि ओकले. परत आले तेव्हा आत्याबाई ती खपली तळहातावर घेऊन बघत होत्या.

"केवढं गं हे," त्या म्हणाल्या. त्यांना आनंदच झाला होता. "आजून हाय. जोर लाव."

जोर लावला तशी नराणी घसरली आणि हिरडीत गेली. काळ्या लाळेत रक्त मिसळलं. आत्याबाईंनी तोंड आणखी वासलं. मोठा तुकडा निघाला तसे त्याच्या मागचे दोन दात जिभेच्या धक्क्यानं हलायला लागले. किटणानंच ते धरून ठेवले होते, हे आम्हाला काय ठाऊक. त्यांनी रक्त थांबावं म्हणून जखमेवर मिश्रीच दाबली.

दोन-तीन दिवसांत हनुवटीखाली लिंबाएवढी गाठ आली. तोंड उघडेना, अंगात ताप. पू येऊ लागला तसा घरात वास भरला. मुलगा त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच परत फिरायचा. शेवटी कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून मी त्यांना साताऱ्याला नेलं. वाटेत त्या पदरात थुंकत होत्या आणि तो पदर माझ्या मांडीवर होता.

डॉक्टरांनी आत बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"सुनंनं," आत्याबाई कशाबशा बोलल्या. "लय निगुतीनं केलं."

"कशानं?"

"नराणीनं."

"पायाची नखं काढायची?"

"व्हय. पर धुतली हुती."

डॉक्टर हात धुवायला गेले ते बराच वेळ धूत राहिले. मग त्यांनी पू काढला, ते दोन्ही दात उपटले, गोळ्या दिल्या. मला म्हणाले, "बाई, दात मुळातून सुटले होते, आज ना उद्या गेलेच असते. पण ही सूज लोखंडानं आणली. गळ्यात उतरली असती तर श्वास कोंडला असता. दिसतं तेवढंच किटण नसतं, हिरडीखालीही असतं, ते घरी निघत नाही. मऊ आहे तोवर रोज दात घासा. दगड झाला की हात लावू नका." मी मान हलवली. मला फक्त बाहेर जायचं होतं.

आत्याबाई बऱ्या झाल्या. मिश्री सोडली. पुढं खिंडार पडलं आणि शेजारचे दातही दुखायचे, त्यामुळं कडक भाकरी त्यांना चावेना. मग मी एकाच ताटलीत भाकरी दुधात कुस्करायची, आजीला आणि नातवाला. नराणी मी परसात पुरली. मात्र ओठावरची ती खपली अजून जात नाही. जेवताना मधेच आठवते आणि घास तोंडात फिरत राहतो.

एक दिवस दोघं जेवत होते. मुलाला भाकरीचा एक कडक पापुद्रा लागला. त्यानं तो आपल्या दातांनी चावला, लाळेसकट बोटानं बाहेर काढला आणि आजीच्या तोंडात घातला.

आत्याबाईंनी तो गिळला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, भरवतंय मला."

मी ताटली उचलून परसात गेले.