चपला मोजणारा चोर

माझ्या बायकोच्या मामांइतका प्रामाणिक चोर अख्ख्या सदाशिव पेठेत शोधून सापडायचा नाही. चोरी ते फक्त रविवारी सकाळी, आमच्या जेवणाच्या टेबलावर करतात. टेबलावर फासे आणि कागद, बाकी सगळा खेळ डोक्यात. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवणारा आमचा मित्र सलीम गुहा, राक्षस, खजिना असं काहीबाही रंगवून सांगतो आणि आम्ही त्यात घुसतो. मी तलवारबाज, माझ्या ऑफिसातली ऋचा जादूगार आणि मामा चोर. वय वर्षं एकाहत्तर.

मामी गेल्यापासून मामा एकटेच राहतात. एका रविवारी आमचा रिकामा डबा परत द्यायला आले, चहा होईपर्यंत टेकले आणि म्हणाले, "तुमच्यात कुलूप कोण उघडतं?" आम्ही म्हटलं, कुणीच नाही, आम्ही दार फोडतो. "शोभतं का हे चांगल्या घरच्या माणसांना?" असं म्हणून जे बसले, ते तीन वर्षं झाली तरी उठलेले नाहीत. सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या सांभाळण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. "चाळीस वर्षं कुलपं लावली, जावईबापू. आता जरा उघडू द्या की!"

पण उघडलेलं कुलूप ते चोरी झाल्यावर परत लावतात, आणि लागलंय की नाही हे तीनदा ओढून बघतात. कुणाच्याही गुहेत पाऊल टाकण्याआधी चपला बाहेर काढतात. "राक्षसाचं झालं तरी घर आहे ते." आणि त्याही आधी त्यांचा ठरलेला प्रश्न, "बाहेर चपला किती?" जितके जोड, तितकी माणसं आत, हे त्यांचं शास्त्र. एकदा सलीम वैतागून म्हणाला, "मामा, ड्रॅगन चपला घालत नाही हो." मामा शांतपणे म्हणाले, "मग त्यानं खाल्लेल्यांच्या असतील, त्या मोज." त्या दिवसापासून सलीमच्या प्रत्येक गुहेबाहेर चपला असतातच.

बिघडलं ते ऋचाच्या जादूगाराला कुठलंही दार उघडणारा मंत्र मिळाला तेव्हा. ती सहज म्हणाली, "आता चोर लागतोच कशाला? मामा, तुम्ही डॉक्टर व्हा ना! टीमला जास्त यूज होईल."

"म्हणजे तुम्ही मार खायचा आणि मी मलम लावायचं," मामा म्हणाले. "बरं." मग फासे चष्म्याच्या घरात ठेवले, चहा अर्धा टाकून उठले. आणि मी गाढव, तोंडातून एक अक्षर काढलं नाही! पुढच्या रविवारी निरोप आला, गुडघा दुखतोय.

त्या रविवारी आम्ही दरोडेखोरांच्या गुहेपाशी पोचलो. ऋचानं मंत्र टाकला. दार उघडलं, पण असं धाडकन, की जेवून घोरत पडलेले दरोडेखोर खडबडून उठले. दहा मिनिटांत आम्ही दोघंही ठार. सलीमनं वही मिटली. "बाहेर चपलांचे बारा जोड मांडून ठेवले होते. एकानं विचारलं नाही."

ऋचानं तिथल्या तिथे फोन लावला. "मामा, चुकलं माझं. चोर लागतोच. या ना, प्लीज!"

"गुडघ्याला विचारून सांगतो," पलीकडून उत्तर आलं.

पुढच्या रविवारी नऊची वेळ असताना मामा पावणेनऊलाच हजर. बसल्या बसल्या विचारलं, "चपला किती?"

"बारा जोड," सलीम खुशीत म्हणाला.

मामांनी प्रत्येक जोडातली डावी चप्पल उचलून झुडपात टाकली. "आता पाठलाग करणार कोण? अर्धा तास शोधत बसतील." मग कुलूप अलगद उघडून अनवाणी आत गेले आणि झोपलेल्यांच्या मधून आधी ऋचाला, मग मला ओढत बाहेर घेऊन आले. शेवटी कुलूप लावलं. तीनदा ओढलं.

"अहो, खजिना आतच राहिला!" सलीम ओरडला.

"राहू दे. आपली माणसं आणली ना."

नियमात अजिबात बसत नसताना सलीमनं आम्हा दोघांना जिवंत करून टाकलं, आणि ऋचा उगाचच पोह्यांवर कोथिंबीर घालत बसली.

दुपारी मी मामांना स्कूटरवर घरी सोडलं. गुडघा खरंच दुखत होता, म्हणून दुसऱ्या मजल्यापर्यंत सोबत गेलो. दाराशी मामींच्या चपला होत्या, स्वच्छ पुसून ठेवलेल्या. मामांनी आपल्या काढून त्यांच्या शेजारी नीट लावल्या. मी मामांच्या सवयीनं मोजल्या. दोन जोड. इतकी वर्षं त्या दारातून आलो-गेलो, पण मोजल्या कधी नव्हत्या. फार वाईट वाटलं.

"जावईबापू, निघा आता. घरी वाट बघत असतील," मामा कुलूप उघडत म्हणाले.

मी माझ्याही चपला काढल्या, तिसरा जोड शेजारी लावला आणि म्हटलं, "मामा, चहा टाका. बसतो थोडा वेळ."