टिटवीची चार अंडी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला तर मी न विचारलेल्या शंभर गोष्टी सांगत असतो. तुमचा चेहरा मला दिसत नाही ना, म्हणून धीर होतोय असं समजा.

पण आधी मी कोण ते सांगतो. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत मी अमरावतीच्या एका अडत्याकडे कामाला होतो. काम काय, तर गावोगाव पायी फिरायचं, यंदा कोण किती पेरणार ते विचारायचं आणि पीक उभं राहिलं की नजरेनं अंदाज बांधायचा. अमरावतीहून वलगाव, तिथून तेल्हारा, मग अकोल्यावरून खाली बार्शीटाकळी. चांगला चालणारा माणूस ही फेरी आठ दिवसांत उरकायचा. मला पंधरा लागत. का? पाखरं! बाभळीवर खाटीक पक्षी बसला की मी थांबलो. सुगरणीनं घरटं विणायला घेतलं की मी तिथेच शिदोरी सोडायचो. शेठ वैतागायचे, म्हणायचे, पगार कापसाचा घेतोस आणि चाकरी चिमण्यांची करतोस. खरंच होतं ते. पण काय मजेचे दिवस होते! पायाखाली धूळ, डोक्यावर ऊन, आणि मी आपला मान वर करून चाललोय — दोनदा तर सरळ काट्यांच्या कुंपणात शिरलो.

हं. मुद्द्यावर येतो.

बार्शीटाकळीच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही. तिथे सोनाजी नावाचा म्हातारा होता, सत्तरीचा, काटक, तोंडानं फटकळ. मृगाच्या आधी तो पहाटे बाहेर पडायचा आणि टिटवीनं अंडी कुठे घातलीत ते पाहून यायचा. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती उंच बांधावर दिसली तर पाऊस दणकून येणार, नाल्याच्या वाळूत दिसली तर तुटपुंजा. सोनाजीनं पारावर येऊन सांगितलं की गाव ठरवायचं — पाऊस जास्त असेल तर कापूस उंचावरच्या वावरात, कमी असेल तर नाल्याकाठच्या ओलीत. आणि ज्यानं शकुन सांगितला, त्याच्याच हातून तिफणीत सरकीची पहिली मूठ पडायची. सोनाजीला ना पोर ना बाळ. वर्षातून एकदा ती मूठ, एवढाच त्याचा थाट.

त्या वर्षी जो तो कापसाच्या मागे लागलेला. पाटील मला म्हणाले, "भाऊ, तुमाले पाखरातलं समजते. एकट्या बुढ्याच्या भरोशावर काहून राहावं? तुमीबी पाहून या."

मी छाती काढून निघालो. उजाडता उजाडता माळावर पोहोचलो — आणि समोर माळढोक! नर. गळ्याची पिशवी फुगवलेली, शेपूट पाठीवर उलटी, मादीसमोर असा डौलात चाललेला की लग्नातल्या व्याह्यानं लाजावं. मी पळसाच्या झुडपाआड पालथा पडलो. किती वेळ? ऊन डोक्यावर येईपर्यंत. टिटवीची आठवणच राहिली नाही. खोटं कशाला बोलू, तसली सकाळ मला पुन्हा मिळाली नाही.

भूक लागली तसा परतलो. पारावर सारा गाव जमलेला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "मी पाहिलंच नाही" — तीन शब्द, काय जड होतं त्यात? पण अमरावतीचा माणूस, पाखरांचा जाणकार, आणि पाहिलंच नाही? लाज वाटली. म्हणालो, "उंच बांधावर. चार अंडी."

तेवढ्यात सोनाजी आला. घामानं डबडबलेला. म्हणाला, "नाल्यात हायत. रेतीत. मी सोताच्या डोयानं पायलं."

लोक हसले. पाटलांनी माझा शब्द धरला. तेव्हा बोलता आलं असतं मला. नाही बोललो.

आणि पाऊस? अहो, असा कोसळला की नाल्याकाठच्या वावरांचा चिखल झाला आणि उंचावरचा कापूस छातीला लागला! गाव माझ्यावर खूष. दिवाळीनंतर पीक बघायला गेलो तर मला ओवाळलं, लाडू चारले, पुढच्या साली मूठ तुमच्याच हातची, म्हणाले. आणि मी, सांगायला लाज वाटते, पुढची सहा वर्षं ती मूठ टाकली. हसतहसत टाकली.

तुम्ही म्हणाल, नशिबानं खरं ठरलं, कुणाचं काय बिघडलं? मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण अजून एक सांगायचं राहिलंय. तेच खरं सांगायचं होतं.

थाप मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी गाव सोडताना माझं मन खाऊ लागलं. वाट वाकडी करून मी नाल्यात उतरलो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. वाळूत, दोन दगडांच्या मधे, चार अंडी. सोनाजीनं सांगितली होती तिथेच. चुकली होती ती टिटवी, म्हातारा नव्हे.

म्हणजे मला ठाऊक होतं. लाडू खाताना ठाऊक होतं. त्याच लाडवांच्या दिवशी, लोक पांगल्यावर, सोनाजी माझ्याजवळ आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "लेका, मले तो बांध दाखव." मी नेलं. एक खळगा दाखवला, इथे होती म्हणालो. तो गुडघ्यावर बसला, खळग्यातली माती बोटांनी चाचपली. बराच वेळ. मग वर बघून म्हणाला, "मले तर नाल्यात दिसले होते. माहे डोये गेले वाटते. व्हय ना?"

तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता. आजूबाजूला कुणीसुद्धा नव्हतं.

मी म्हणालो, "वय झालं, बाबा."

त्यानं मान डोलावली, माझा हात धरून उठला, आणि गावापर्यंत तो हात सोडला नाही. त्यानंतर तो पाखरं बघायला कधी गेला नाही.